संप्रेरक जनुकाला 'चालू' कसे करते? – एका ट्यूबच्या निमित्ताने



दहावीच्या वर्गात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ चालू होता. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण अशी तिन्ही नावे फळ्यावर लिहून झाली होती. मधल्या सुट्टीत एक मुलगी हळूच टेबलाजवळ आली. दप्तरातून एक छोटी ट्यूब काढून म्हणाली, "बाई, ह्याने चेहरा उजळतो ना? ताई लावते, म्हणून मीपण दोन आठवडे लावतेय."

ट्यूब हातात घेतली. बारीक अक्षरात तीन नावे होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातले मोमेटासोन हे स्टेरॉईड. "हे लावू नकोस" एवढे मी म्हणाले, पण "का?" या तिच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. गंमत बघा, मी नुकताच ज्या विषयावर तास घेतला होता, तोच विषय त्या ट्यूबमध्ये भरलेला होता! स्टेरॉईड काय करते? तर पेशीतल्या प्रतिलेखनावर हात ठेवते. आपण मुलांना प्रतिलेखन कसे होते ते शिकवतो, पण ते कधी करायचे हे कोण ठरवते, ते सांगायचे राहून जाते.

आजचा पाठ त्या राहून गेलेल्या भागावर आहे. शिक्षकांना वर्गात वापरता येईल आणि पालकांना घरातल्या औषधांच्या डब्याकडे बघताना उपयोगी पडेल, असा.

आधी थोडी उजळणी

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. (परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसते, तो अपवाद.) मानवात प्रथिने बनवणारी सुमारे 20,000 जनुके आहेत. यकृताच्या पेशीत जी जनुके आहेत तीच डोळ्याच्या पेशीतही आहेत. मग यकृत पित्त बनवते आणि डोळा का बनवत नाही?

कारण सगळी जनुके सगळीकडे वाचली जात नाहीत. स्वयंपाकाचे एकच जाडजूड पुस्तक प्रत्येक घरात आहे असे समजा. एका घरात पुरणपोळीचे पान उघडे आहे, दुसऱ्या घरात झुणक्याचे. पुस्तक एकच, पण शिजते ते वेगळे.

पान उघडायचे काम करणारी खास प्रथिने पेशीत असतात. त्यांना आपण प्रतिलेखन घटक म्हणू. ही प्रथिने डीएनएवरच्या ठरावीक अक्षरक्रमावर जाऊन बसतात आणि जवळच्या जनुकाची नक्कल काढायला, म्हणजे आरएनए बनवायला, चालना देतात. काही वेळा उलटही करतात, चालू असलेले वाचन थांबवतात. मानवात असे सुमारे 1,600 घटक आहेत.

आता खरा प्रश्न. हे घटक तरी कधी कामाला लागतात? त्यांतले काही जण एखाद्या छोट्या रासायनिक रेणूची वाट पाहत बसलेले असतात. तो रेणू येऊन चिकटला की ते जागे होतात. असा रेणू म्हणजे शरीरातले स्टेरॉईड संप्रेरक असेल, थायरॉइडचे संप्रेरक असेल, 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल असेल किंवा 'ड' जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप असेल. हे सगळे रेणू ज्या प्रथिनांना चिकटतात ती प्रथिने एकाच कुटुंबातली आहेत. त्यांना केंद्रकीय ग्राही म्हणतात. मानवात असे 48 ग्राही आहेत.

सूचना वहीचे उदाहरण

वर्गात मी हे असे सांगते. शिपाई काका सूचना वही घेऊन वर्गावर्गांत फिरतात. वहीत एकच ओळ आहे, "उद्या शाळेची तपासणी आहे." ती ऐकून पाचवीचा वर्ग बाके पुसायला घेतो. नववीचा वर्ग वह्या पूर्ण करायला लागतो. प्रयोगशाळेत बाटल्यांवर लेबले चिकटतात. स्वयंपाकघरात खिचडीची भांडी घासली जातात.

आता मुलांना विचारा, "सूचना वहीने बाके पुसली का?" नाही. वहीने काहीच केले नाही. तिने फक्त ज्याचे काम त्याला करायला लावले. सूचना एकच, पण प्रत्येक ठिकाणी काम वेगळे झाले.

संप्रेरक म्हणजे ती सूचना. सूचना वाचून कामाला लावणारे वर्गशिक्षक म्हणजे ग्राही. आणि प्रत्यक्ष काम करणारी मुले म्हणजे त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

हे शास्त्रज्ञांना कसे कळले?

मुलांना नुसते "असे असते" म्हणून सांगितले की ती पाठ करतात. "असे कसे कळले?" म्हणून सांगितले की ती कान टवकारतात.

1954 साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्यांच्या सुमारे 500 किलो कोशांमधून एक संप्रेरक वेगळे केले. हाती किती लागले? फक्त 25 मिलिग्रॅम! त्याचे नाव एक्डायसोन. कीटकांना कात टाकायला लावणारे हे स्टेरॉईड संप्रेरक आहे.

मग 1960 मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते चिरोनोमस नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या अळीला टोचले. या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे फार जाड असतात, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्यांवरचे पट्टे दिसतात. साधारण अर्ध्या तासात त्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे दिसू लागले. फुगवटा म्हणजे तिथला डीएनए सैल होऊन आरएनए बनू लागल्याची खूण. बाहेरून एक रसायन दिले आणि आत जनुक चालू होताना डोळ्यांनी दिसले!

साधारण त्याच काळात अमेरिकेत शिकागोला एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन गटातल्या एका संप्रेरकाला किरणोत्सारी खूण लावून ते उंदरांच्या शरीरात कुठे जाते ते पाहिले. ते गर्भाशयासारख्या अवयवांत जाऊन टिकून राहिले, आणि त्याचे रासायनिक रूप बदललेही नव्हते. म्हणजे ते अन्नासारखे 'वापरले' जात नव्हते. कशाला तरी चिकटून निरोप देत होते. ज्याला ते चिकटत होते, तोच ग्राही. पुढे 1985 मध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने कॉर्टिसॉलच्या मानवी ग्राहीचे जनुक शोधून त्याची रचना वाचली.

कॉर्टिसॉलचा प्रवास, पायरी पायरीने

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. स्टेरॉईडची औषधे याच कॉर्टिसॉलची माणसाने बनवलेली भावंडे. फळ्यावर हे पाच टप्पे काढा.

1. कॉर्टिसॉल मेदात विरघळते, त्यामुळे पेशीपटलातून सरळ आत शिरते.
2. पेशीद्रव्यात त्याचा ग्राही इतर प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो. कॉर्टिसॉल त्याच्या खाचेत नेमके बसते.
3. ग्राहीचा आकार बदलतो, त्याला धरून ठेवणारी पकड सुटते आणि तो केंद्रकात जातो.
4. तिथे दोन ग्राही जोडीने डीएनएवरच्या ठरावीक अक्षरक्रमावर बसतात आणि मदतनीस प्रथिनांना बोलावतात. डीएनएची घडी सैल होते आणि प्रतिलेखन सुरू होते.
5. आरएनए बाहेर येतो, रायबोसोमवर प्रथिन तयार होते आणि मग पेशीचे वागणे बदलते.

याच ग्राहीचे दुसरेही काम आहे. शरीरात सूज आणणारी जनुके चालू करणारे जे दुसरे प्रतिलेखन घटक असतात, त्यांना तो अडवतो. स्टेरॉईडने सूज उतरते ती मुख्यतः यामुळे.

बारावीच्या शिक्षकांनी इथे लॅक ओपेरॉनशी तुलना जरूर करावी. जेकब आणि मोनो यांनी 1961 मध्ये मांडलेल्या त्या उदाहरणात लॅक्टोजपासून बनलेला रेणू रिप्रेसरला चिकटतो आणि त्याला डीएनएवरून दूर करतो, म्हणजे अडसर काढतो. इथे रेणू चिकटल्यावर ग्राही डीएनएवर जाऊन बसतो. दोन्हीकडे तत्त्व एकच. छोटा रेणू प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्यामुळे जनुकाचे वाचन बदलते.

एकच सूचना, वेगवेगळी कामे

आता सूचना वही पुन्हा आठवा. कॉर्टिसॉलचा ग्राही शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असतो. मग स्टेरॉईड पोटात गेले की काय होईल?

- यकृतात ग्लुकोज बनवणाऱ्या विकरांची जनुके चालू होतात. रक्तातली साखर वाढते.
- पांढऱ्या पेशींत सूज आणणारे निरोप बंद होतात. दुखणे कमी होते, पण जंतूंशी लढण्याची ताकदही कमी होते.
- त्वचेत कोलॅजन बनणे मंदावते. त्वचा पातळ होते.
- हाडे बांधणाऱ्या पेशी सुस्तावतात. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, वाढत्या मुलांची उंची वाढण्याचा वेग कमी होऊ शकतो.

आपण याला 'औषधाचा गुण' आणि 'दुष्परिणाम' अशी दोन नावे देतो. पेशीच्या दृष्टीने दोन्ही एकच आहे, तीच सूचना आणि तोच ग्राही. म्हणूनच यातले फक्त चांगले तेवढे घेऊ, असे म्हणता येत नाही. प्रमाण, जागा आणि मुदत एवढेच आपल्या हातात असते, आणि ते ठरवायला डॉक्टर लागतो.

कोरोनाच्या काळात आपण हे सगळ्यांनी पाहिले. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत दिसले की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काही फायदा झाला नाही. पुढे 2021 च्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, अनेक रुग्ण आढळले. त्यांत अनेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉईड दिले गेले होते. वरची यादी पाहिली की कारण उमगते. साखर वाढली आणि प्रतिकारशक्ती घटली की बुरशीला आणखी काय हवे? एकाच रेणूने एकाला वाचवले आणि दुसऱ्याला अडचणीत टाकले.

पालकांसाठी: पंपाची गोष्ट

दमा असलेल्या मुलांच्या पालकांकडून हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे. "हा पंप मारला की लगेच बरं वाटतं, पण तो दुसरा रोजचा पंप काही कामाचा नाही, म्हणून बंद केला."

थांबा! लगेच आराम देणाऱ्या पंपात बहुधा सॅल्ब्युटामॉल असते. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटते आणि श्वासनलिकेचे स्नायू काही मिनिटांत सैल करते. त्याला जनुकापर्यंत जावे लागत नाही. रोजचा पंप मात्र बहुतेकदा स्टेरॉईडचा असतो. त्याला केंद्रकात जायचे, प्रतिलेखन बदलायचे, नवी प्रथिने बनायची आणि सूज आणणारी जुनी प्रथिने संपायची, एवढा प्रवास आहे. त्याचा पुरता परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. पहिला पंप दार उघडून देतो, दुसरा पंप दार अडकूच नये म्हणून चौकट दुरुस्त करतो.

"पण स्टेरॉईड आहे ना, मग वाईटच!" ही दुसरी भीती. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. शिवाय औषध थेट फुप्फुसात दिले जाते, त्यामुळे 'सूचना' मुख्यतः लागेल त्या वर्गात पोचते. पंप घेतल्यावर चूळ भरायला मात्र विसरू नये. तोंडात उरलेल्या औषधामुळे तिथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आणि डॉक्टरांना न विचारता रोजचा पंप बंद करणे म्हणजे पुढच्या झटक्याला आमंत्रण.

पालकांसाठी: मलमाची गोष्ट

आता त्या ट्यूबकडे येऊ. स्टेरॉईडचे मलम चेहऱ्यावर लावले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लाली जाते, रंगद्रव्य बनणे कमी होते. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा खरोखर उजळ दिसतो. म्हणूनच फसगत होते! आत मात्र कोलॅजनचे काम मंदावलेले असते. त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येते, कधी चेहऱ्यावर केस वाढतात. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून पुन्हा मलम लावले जाते. हे चक्र सुटता सुटत नाही.

नायट्याचेही तेच. खाज थांबावी म्हणून स्टेरॉईड मिसळलेले मलम लावले की खाज थांबते, कारण सूज उतरते. पण नायटा ही बुरशी आहे, आणि तिच्याशी लढणाऱ्या पेशींना आपण गप्प बसवलेले असते. बुरशी खुशाल पसरते, आणि तिचे रूपही बदलल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जाते.

त्या ट्यूबमधले ट्रेटिनॉइन म्हणजे रेटिनॉइक आम्लच बरं का! म्हणजे एकाच ट्यूबमध्ये जनुकांचे वाचन बदलणारे दोन रेणू. ही योग्य जागी उपयोगी औषधे आहेत, त्वचारोगतज्ज्ञ ती ठरावीक मुदतीसाठी देतात. पण ती सौंदर्यप्रसाधने नव्हेत. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉईडची 14 मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत आणली, ती याच कारणाने.

घरातली ट्यूब आज एकदा उलटून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव किंवा 'आरएक्स' ही खूण दिसली, तर ती डॉक्टरांना विचारूनच वापरायची. बरेच दिवस वापर चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉईडच्या गोळ्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. बाहेरून रोज कॉर्टिसॉलसारखे औषध मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. गोळ्या अचानक थांबवल्या तर शरीरात कॉर्टिसॉलचा तुटवडा पडतो आणि जिवावर बेतू शकते.

मुलांचा होणारा गोंधळ

"संप्रेरक जनुक बदलते का?" हा प्रश्न दरवेळी येतो. नाही. डीएनएतली अक्षरे तीच राहतात, बदलते ते वाचन. उत्परिवर्तन वेगळे आणि हे वेगळे, हे फळ्यावर दोन रकाने करून दाखवा.

"म्हणजे जास्त संप्रेरक घेतले तर जास्त फायदा?" तेही नाही. सगळे वर्गशिक्षक कामाला लागल्यावर आणखी दहा वेळा सूचना वही फिरवून काय होणार? ज्या वर्गांचा संबंध नाही तेही गडबडीत पडतील, एवढेच.

वर्गात घ्यायचा उपक्रम

चार गट करा: यकृत, त्वचा, हाड, पांढरी पेशी. प्रत्येक गटाला एक बंद पाकीट द्या, त्यात त्या अवयवाचे काम लिहिलेले असेल. एक विद्यार्थी 'कॉर्टिसॉल' होऊन चारही गटांना सारखीच कोरी निळी चिठ्ठी देईल. चिठ्ठी मिळाली की गटाने पाकीट उघडायचे आणि काम मोठ्याने वाचायचे. चिठ्ठी कोरी असूनही चार वेगळी कामे कशी झाली, यावर चर्चा घ्या. पंधरा मिनिटांत होते आणि मुले विसरत नाहीत.

शेवटी हे प्रश्न विचारा:

1. सर्व पेशींत सारखाच डीएनए असूनही पेशींची कामे वेगळी का?
2. स्टेरॉईडचा परिणाम दिसायला सॅल्ब्युटामॉलपेक्षा जास्त वेळ का लागतो?
3. मधुमेह असलेल्या आजोबांना स्टेरॉईड सुरू केल्यावर डॉक्टर साखर वारंवार का तपासायला सांगतात?
4. नायट्यावर स्टेरॉईड लावल्यावर खाज जाते, तरी आजार का वाढतो?

हा तास मी नंतर त्याच वर्गावर घेतला. चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीने दिले, अगदी बरोबर. तास संपल्यावर म्हणाली, "बाई, ताईलापण हे सांगा ना. माझं ती ऐकत नाही." पुढच्या पालक सभेत तिची आई आणि ताई दोघी आल्या. आम्ही ट्यूब टेबलावर ठेवली, पाच टप्प्यांचे चित्र काढले आणि बोललो. ताई आता त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते आहे.

'लावू नकोस' म्हटलेले मुले ऐकतीलच असे नाही. 'आत काय होते' ते समजले की मात्र पुष्कळदा ती स्वतःच ठरवतात. तुमच्या वर्गात हा पाठ घेऊन बघा.